तात्यांचा आग्रह

रोह्याचे तात्या दिघे वर्षातून एकदाच मुंबईला येत, पण ज्यांच्याकडे उतरत त्यांना ते वर्षभर पुरत. वैशाखात बागेतले आंबे उतरवून झाले, की दोन करंड्या बरोबर घेऊन ते धरमतरला आगबोटीत बसत आणि गिरगावात पुतण्याच्या बिऱ्हाडी येऊन थडकत. पुतण्या रमाकांत सरकारी कचेरीत कारकून होता. फणसवाडीतल्या चाळीत त्याच्या दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. त्या दोन खोल्यांत तात्या आठ दिवस ऐसपैस मांडी घालून बसत, आणि रमाकांतची बायको ललिता आठ दिवस चुलीपुढून उठत नसे.

कामधाम काही नसे. मुंबई खायची आणि मुंबई बघायची, बस. सकाळी स्वतः बाजारात जायचं, कोळणीच्या पाटीपुढे उकिडवं बसून पापलेटाचे कल्ले उचकून बघायचे, तिच्याशी यथेच्छ भांडायचं. दुपारी भुलेश्वरला जाऊन कढईतली जिलबी उभ्याउभ्या खायची. संध्याकाळी मैदानावर पारशी आणि गोरे चेंडूफळी खेळत, तिथे हजेरी लावायची. तो खेळ तात्यांना कधीच कळला नाही. कोण जिंकतंय ते शेजारच्याला विचारून घेत आणि मग सगळ्यांत मोठ्याने ओरडत. हातात भज्यांचा पुडा असावा आणि समोर कुणीतरी धावावं, पडावं, घामाघूम व्हावं, याहून मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. घाम मात्र कायम दुसऱ्याचा.

पण सगळ्या खेळांत त्यांचा जीव कुस्तीत होता आणि कुस्तीत लहूवर होता. लहू मूळचा साताऱ्याकडचा. लालबागच्या एका गिरणीत, कापूस पिंजतात त्या खात्यात कामाला होता आणि परळच्या तालमीत रघुवीर वस्तादांच्या हाताखाली मेहनत करत होता. तीन वर्षांपूर्वी तात्यांनी त्याला एका कुस्तीत पाहिलं आणि खूश होऊन स्वतःच्या अंगावरचा शेला त्याच्या अंगावर टाकला. तेव्हापासून तो 'आमचा लहू' झाला. रोह्यात पारावर बसून तात्या त्याचे डाव असे सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळं तात्यांनीच त्याला शिकवलं असेल. शेला टाकण्यापलीकडे त्यांनी त्याच्यासाठी काय केलं होतं, हे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर तात्यांना राग आला असता.

त्या वर्षी, म्हणजे अठराशे चौऱ्याण्णव साली, तात्या मुद्दाम एका कुस्तीसाठी आले होते. घाटावरच्या एका संस्थानिकाचा कारभारी मुंबईत उतरला होता. महाराजांच्या तालमीसाठी त्याला एक पैलवान हवा होता. रविवारी संध्याकाळी परळला लहू आणि दादरच्या गवळ्याचा आनंदा यांची जोड लावली होती. जिंकेल त्याला कारभारी घेऊन जाणार. राहायला घर, खुराक, दाराशी दुभती म्हैस आणि दिवसभर मेहनत करायला मोकळं आकाश. आणि हा कारभारी तात्यांचा शाळेतला ओळखीचा निघाला.

शनिवारी संध्याकाळी तात्या रमाकांतला घेऊन तालमीत गेले. लहू नुकताच जोर काढून उठला होता. तात्यांना पाहताच त्याने पायांवर डोकं ठेवलं. उठताना त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो तोंड फिरवून भिंतीला धरून उभा राहिला. उबळ लवकर थांबेना.

"काय रे, थंडी बाधली की काय वैशाखात?" तात्या हसत म्हणाले.

"न्हाई तात्यासाहेब. कापूस बसलाय छातीत." लहूने तोंड पुसलं. "वैद्यबुवांनी सांगितलंय, गिरणी सोड. न्हाईतर दोन पावसाळं काडशील, तिसरा न्हाई. आता सोडून जाऊ कुटं? गावाकडं काय बी न्हाई. उद्या जितलो तर सुटलो बगा. मंजुळेनं मारुतीला नवस बोललाय."

मंजुळा त्याची बायको. तीही गिरणीतच सूत गुंडाळायच्या कामाला होती. नवऱ्याला शेरभर दूध मिळावं म्हणून स्वतः कोरड्या भाकरीवर राहत होती. हे तात्यांना लहूने मागेच सांगितलं होतं आणि तात्यांनी ते रोह्याच्या पारावर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं.

"अरे, जिंकलास म्हणूनच समज," तात्या म्हणाले. "आणि कारभारी तर आपलाच माणूस. मी शब्द टाकतो त्याच्याकडे."

"आज टाकता का, तात्यासाहेब?"

"आज कशाला? तू जिंक. मग तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला त्याच्यापुढे नेतो की नाही बघ! हा आमचा लहू, म्हणून सांगतो." ते दृश्य तात्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते रमाकांतला दोनदा सांगितलं. मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली. सोमवारी सकाळची बोट होती आणि लहूला जेवू घालायचं राहून जात होतं. "उद्या दुपारी जेवायला ये गिरगावात. आंबे आणलेत मी माझ्या बागेतले."

लहू गडबडला. "उद्या न्हाई तात्यासाहेब. कुस्तीच्या दिशी वस्ताद फकस्त दूध देत्यात. जितल्यावर येतो की."

"जिंकल्यावर तुला कारभारी नेईल, माझ्या वाट्याला कुठला यायला! नाही म्हणू नकोस. दोन घास खा, मला बरं वाटेल. वस्तादांना सांगायची काही गरज नाही."

लहूने एकदा आत, वस्तादांच्या खोलीकडे पाहिलं. मग तो "येतो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? ज्याच्या शब्दावर आपलं सगळं अवलंबून आहे, त्याला जेवायला नाही म्हणण्याची हिंमत कुणात असते?

रविवारी दुपारी तो आला तेव्हा घरात तळणाचा वास कोंदला होता. तात्यांनी सकाळपासून ललिताच्या मागे लागून बेत करवला होता. तळलेलं पापलेट, कोलंबीची खिचडी, मटण, पुऱ्या, आमरस. रमाकांत आणि तात्या आत पाटांवर बसले. लहूचं पान गॅलरीत मांडलं होतं. गळ्यात गळा घालायचा तो तालमीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नाही, एवढा विवेक तात्यांनी कधी सोडला नव्हता. मात्र दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे तो जेवताना दिसावा.

लहूने खिचडीचे दोन घास घेतले, माशाची एक तुकडी खाल्ली आणि हात आवरला. "लई झालं, तात्यासाहेब. अन्न ग्वाड लागलं."

"अरे! हे काय पैलवानाचं जेवण? आमचा रमाकांत याहून जास्त जेवतो आणि त्याला पेटीसुद्धा उचलत नाही." तात्या स्वतःचं पान अर्धवट सोडून उठले, हात धुतला आणि वाढायला आले. वाटी उंच धरून मटण वरून वाढलं, म्हणजे शिवायला नको. "एवढं संपव. माझ्या गळ्याची शपथ आहे."

शपथ घातली की संपलं. खाल्लं नाही तर शपथ घालणाऱ्याच्या जिवावर बेततं, असं लहू मानत होता. आणि पानात टाकलेलं अन्न टाकून उठायचं नाही, हे त्याच्या आईने त्याला मारून शिकवलं होतं. त्याने मटण संपवलं. पान रिकामं दिसताच तात्यांनी पुऱ्या वाढल्या, रसाची वाटी भरली. ती संपली, पुन्हा भरली. आठ पुऱ्या झाल्या, बारा झाल्या. शेजारच्या बिऱ्हाडांतले लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. कुणीतरी मोठ्याने मोजायला लागलं. तात्यांना जोर चढला.

"गिरगावात असा खाणारा पाहिला होता का कुणी? आमचा लहू आहे हा! आज संध्याकाळी परळला या, कुस्ती बघा याची!"

सोळाव्या पुरीला लहूने दोन्ही हात पानावर आडवे धरले. त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं. मान वर करून त्याने तात्यांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं ते तात्यांना पूर्ण कळलं. 'तात्यांच्या ध्यानात आलं नाही बिचाऱ्यांच्या,' असं पुढे रमाकांत सांगत असे. खोटं आहे ते. त्यांना कळलं, आणि कळल्यावर त्यांना गोड लागलं. एवढा पहाडासारखा गडी, पण आपल्या हातातल्या एका पळीपुढे त्याचं काही चालत नाही, हे सुख त्यांना कुठल्याच मैदानावर मिळालं नव्हतं.

दाराआडून ललिताचा आवाज आला. "अहो, तात्यांना सांगा, पुऱ्या संपल्या."

रमाकांत म्हणाला, "तात्या, पुऱ्या संपल्या."

"संपतील कशा?" तात्या सरळ आत गेले. ललिता पदर घेऊन भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या मागे पुऱ्यांची दुरडी अर्धी भरलेली होती. तात्या हसले. दुरडी उचलून घेत म्हणाले, "सूनबाई, पाहुण्याच्या तोंडचं काढून घ्यायचं आपल्या घराण्यात नसतं हो."

"त्यांची कुस्ती आहे ना आज," ललिता जमिनीकडे बघत म्हणाली. थोरल्या माणसाशी ती समोरून बोलली, ही त्या घरातली पहिलीच वेळ.

"म्हणूनच तर!" असं म्हणून तात्या दुरडी घेऊन बाहेर गेले.

लहूने बावीस पुऱ्या खाल्ल्या. बाविसावी त्याने पाण्याबरोबर लोटली. मग भिंतीला धरून उठला, गॅलरीच्या टोकाला जाऊन चूळ भरली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. लोक वाहवा करत होते. तात्यांनी विडा लावून त्याच्या ओंजळीत वरून टाकला. लहूला परळला जायचं होतं. तात्यांची गाडी चार वाजता येणार होती आणि तिच्यात जागाही होती.

"तू चालतच जा," तात्या म्हणाले. "चाललास की जिरेल सगळं."

वैशाखातल्या उन्हात तो गिरगावातून परळपर्यंत चालत गेला. तात्यांनी तासभर झोप काढली.

परळला तालमीमागच्या मैदानात माणूस मावत नव्हता. लाल माती चाळून, तेल-ताक घालून हौदा सजवला होता आणि मधोमध नारळ फोडलेला होता. हलगी कडकडत होती. कारभारी पुढच्या खुर्चीवर बसला होता. तात्यांनी जाऊन राम राम केला, शाळेतल्या दोन आठवणी काढल्या आणि त्याच्या शेजारची खुर्ची पटकावली. लहूचं नाव मात्र काढलं नाही. ते जिंकल्यावर काढायचं होतं.

लहू लंगोट कसून आला तेव्हा रघुवीर वस्तादांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. तात्या हाताच्या अंतरावर होते.

"काय खाल्लंस रे?"

"काय न्हाई वस्ताद. दूध."

वस्तादांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. लहूची नजर चुकून तात्यांकडे गेली आणि लगेच खाली वळली. त्याने तात्यांचं नाव घेतलं नाही. तात्यांनी टोपी नीट केली आणि कारभाऱ्याला विडा दिला.

सलामी झाली. पहिली पाच मिनिटं लहू असा खेळला, की तात्या खुर्चीवर उभे राहून ओरडू लागले. "वाहवा लहू! दाब! खाली घे त्याला!" आनंदा वयाने लहान आणि अंगाने हलका, त्याला दोनदा मातीत नाक घासावं लागलं. लहूने पट काढला आणि आनंदा पालथा पडला. आता त्याला फक्त उताणा करायचा होता. लहूने त्याच्यावर वजन टाकलं आणि तेवढ्यात तो थांबला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. आनंदाला खालच्या खाली संधी मिळाली. तो सुटला, वळला आणि त्याने लहूच्या कमरेला मागून मिठी घालून पोट आवळलं.

आणि लहू ओकला. भर हौद्यात, हजार माणसांसमोर, फुलं वाहून पुजलेल्या मातीत ओकला. दुपारचं सगळं बाहेर आलं. पिवळा आमरस लाल मातीत पसरला.

एक क्षण हलगी थांबली. मग जो हशा उठला त्यात गिरणीचा भोंगाही ऐकू आला नसता. "जेवायला आलाय का रे!" "वाढा, अजून वाढा!" "आंबा कुठला रे, पैलवान?" एकाने पाण्याचा तांब्या फेकला. माणसं खुर्च्यांवर, खांबांवर चढून बघायला लागली. आणि तात्या? तात्याही हसले. सुरुवातीला जरा चाचरत, मग शेजारचे हसतात म्हणून, मग पोट धरून. हसल्यावर त्यांना बरं वाटलं, कारण हसणाऱ्यांत आपण आहोत म्हणजे ज्याला हसतात त्याच्याशी आपला काही संबंध नाही.

आनंदाने मिठी सोडली होती. तो चांगला पोरगा होता, बाजूला जाऊन उभा राहिला. लहू गुडघ्यांवर बसला. त्याने वस्तादांकडे हात जोडले आणि मग दोन्ही हातांनी घाण झालेली माती उपसायला लागला. ओंजळ भरायची, उठायचं, हौद्याबाहेर टाकायची, परत यायचं. सात-आठ ओंजळी झाल्या. दर ओंजळीला लोक आकडा म्हणत होते आणि हसत होते. शेवटी त्याने चांगली माती ओढून जागा सारखी केली, तिला हात लावून कपाळाला लावला आणि पुन्हा आनंदासमोर उभा राहिला. आनंदाने त्याला दुसऱ्याच झटक्यात चितपट केलं.

हलगी वाजली, आनंदाला लोकांनी उचलून घेतलं. कारभारी शांत बसून होता. तो एकटाच हसला नव्हता. त्याने तात्यांकडे मान वळवली.

"दिघे, तो दुसरा तुमच्या ओळखीचा का हो? मघाशी तुम्ही त्याचं नाव घेऊन ओरडत होतात."

मागच्या रांगेतले दोघेतिघे कान टवकारून होते. गिरगावातली, दुपारी पुऱ्या मोजणारी एक-दोन तोंडंही गर्दीत दिसत होती. तात्यांच्या अंगाला घाम फुटला.

"छे छे! माझी कसली ओळख? लोक ओरडत होते म्हणून आपलं मीही."

"मग राहिलं," कारभारी म्हणाला. "आनंदाला तर नेतोच आहे. पण याला नेल्याशिवाय जाऊ नये असं वाटत होतं. अंगात आनंदापेक्षा दुप्पट आहे, हरला तो पोटाने. आणि माती उपसत होता ना, तेव्हा मनात भरला माझ्या. पण महाराजांचा दंडक आहे, कुणाची तरी हमी असल्याशिवाय तालमीत माणूस घ्यायचा नाही. तुमच्यासारख्या कुणी 'हा माझा' म्हटलं असतं तर उद्याच्या गाडीत बसवला असता."

फक्त दोन शब्द म्हणायचे होते. 'माझा आहे.' मुंबईत आल्यापासून, नव्हे तीन वर्षं, तात्या तेच दोन शब्द येईल त्याला सांगत होते. पण आता ते म्हणायचे तर आत्ताच खोटं बोललो हे कबूल करायला हवं होतं. मग ओळख कशी, कुठली, आज दुपारी हा कुठे होता, तेही निघालं असतं. रमाकांत तात्यांकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं, तसा तात्यांनी त्याचा हात दाबला आणि रमाकांतने तोंड मिटलं.

"मिळेल कुणी दुसरा," तात्या म्हणाले. कारभाऱ्याने मान हलवली आणि तो आनंदाकडे निघून गेला.

गर्दी पांगल्यावर लहू आला. अंगावर माती वाळली होती, डोळे लाल होते. त्याने चार पावलं दूर उभं राहूनच हात जोडले.

"तात्यासाहेब, तुमचं नाव घालवलं मी."

"चालायचंच रे. हारजीत असतेच."

"कारभारी तुमच्याशी बोलत व्हतं." लहूचा आवाज अगदी खाली गेला. "माज्याबद्दल काय म्हनलं?"

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. तो त्यांनी मुद्दाम केला असंही नाही, त्यांना तो येतच असे.

"खूप सांगितलं बघ मी. हा आमचा लहू, म्हटलं. एकवार घेऊन तर बघा, म्हटलं. हातसुद्धा जोडले. पण माणूस फार कडक. हरलेला नको म्हणाला."

"तुमी माज्यासाठी हात जोडलं, तात्यासाहेब?"

"त्यात काय एवढं?"

"एवढ्या मानसांत माजी लाज निघाली, आन् तुमी…" उबळ आली आणि तो वाकून खोकत राहिला. खोकला ओसरल्यावर त्याने हाताच्या पाठीने तोंड पुसलं, काय लागलं ते पाहिलं आणि हात मांडीला पुसून टाकला. "उद्या भोंग्याला हजर व्हतो गिरणीत. मंजुळेला सांगतो, कुनीतरी आपल्यासाठी शबूद टाकला व्हता म्हनून. तेवढंच तिला बरं वाटंल."

तो खाली वाकला आणि त्याने तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं. तात्यांनी त्याच्या केसांतल्या मातीवर हात ठेवला आणि "औक्षवंत हो" म्हणाले. मग धोतराला लागलेली माती झटकून त्यांनी रमाकांतला गाडी बोलवायला सांगितलं.